नवस, गोळी आणि तबला: व्यसनातून बाहेर येणाऱ्या वादकाच्या धाकट्या भावास उत्तर

इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपले थोरले बंधू गोव्यातील डिचोली परिसरात तबल्याची साथ करतात. देवळातील भजन, नाट्यगीतांच्या बैठका आणि जत्रांतील नाटके यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. ते कित्येक वर्षे रोज पीत होते आणि अलीकडे तर सकाळी घोटभर घेतल्याशिवाय चहाचा कपही त्यांच्या हातात स्थिर राहत नसे. एका परदेशी वादकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले, ज्यात एका रात्रीच्या प्रार्थनेनंतर व्यसन गळून पडल्याचे वर्णन होते. त्याच सुमारास वहिनींनी देवीला नवस केला, रुग्णालयात उपचार झाले, आणि आता दोन महिने दादांनी दारूला स्पर्श केलेला नाही. देवीने सोडवले असेल तर गोळ्या कशाला, दारूशिवाय हात पूर्वीसारखा चालेल का, जत्रेच्या नाटकांना पुन्हा बसावे का, आणि भजनी मंडळ त्यांचा जाहीर सत्कार करू इच्छिते तो होऊ द्यावा का, असे आपण विचारले आहे.

गोळ्यांचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण त्यावर फार चर्चा करण्यासारखे काही नाही. त्या ज्या डॉक्टरांनी सुरू केल्या त्यांच्याच सल्ल्याने, यकृताच्या तपासण्या पाहून, बंद करायच्या असतात. दोन महिने हा त्यासाठी फार अपुरा काळ आहे. आपण लिहिलेल्या नावांपैकी एक गोळी जीवनसत्त्व ब१ ची आहे आणि दुसरी डायसल्फिराम आहे. या दुसऱ्या गोळीवर असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, उलट्या, रक्तदाब कोसळणे असा त्रास होतो, प्रसंगी तो जिवावर बेततो, आणि गोळी थांबवल्यानंतरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. म्हणूनच दादांनी टाळाटाळ केली तेव्हा ती आमटीत विरघळवून देण्याचा जो विचार घरात झाला, तो कृपा करून कायमचा सोडून द्या. ज्याला आपण गोळीवर आहोत हेच ठाऊक नाही असा माणूस बाहेर एक पेला घेतो आणि त्याला थेट १०८ च्या रुग्णवाहिकेत घालावे लागते. दशमूलारिष्ट, कुमारी आसव यांसारख्या आसवारिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेले मद्य असते, खोकल्याच्या काही औषधांतही असते. तीही या काळात नकोत. गोळीबद्दल देवीचा कौल घ्यावा असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असल्याचे आपण लिहिता. देवीपाशी जरूर गाऱ्हाणे घालावे, बळ मागावे, पण औषधाच्या मात्रेचा प्रश्न प्रसादाच्या पाकळीवर टाकू नये. माझ्या परिचयाचे पुजारी तर अशा वेळी स्वतःच सांगतात की हे डॉक्टरांना विचारा.

आता श्रद्धेविषयी. आपल्या पत्रातील खरा प्रश्न तोच आहे आणि व्यसनमुक्तीच्या माझ्या व्यवसायातील पुष्कळ लोक तो हसण्यावारी नेतात, जे मला पटत नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-आधार गटांची चळवळ १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. तिच्या मुळाशी एक कथा आहे. कार्ल युंग या मनोविकारतज्ज्ञाने आपल्या एका अमेरिकी रुग्णाला स्पष्ट सांगितले होते की वैद्यकाकडून आता तुझ्यासाठी फारशी आशा नाही, झाला तर एखाद्या आध्यात्मिक अनुभवानेच बदल होईल. आणि १९६१ साली विल्सनला लिहिलेल्या पत्रात त्याने या मताला दुजोरा दिला. खुद्द विल्सनलाही डिसेंबर १९३४ मध्ये लख्ख प्रकाश भरून आल्याचा अनुभव आला आणि त्यानंतर त्याने आयुष्यभर दारू घेतली नाही. आत्मकथनांत रंगवली जाते ती अशीच रात्र. मात्र हा अनुभव त्याला न्यूयॉर्कमधील टाउन्स हॉस्पिटलच्या खाटेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे चालू असताना आला, हे सांगताना बहुतेकांकडून राहून जाते. त्याचा सहकारी डॉ. बॉब याला तर असा कोणताही प्रकाश दिसला नाही. जून १९३५ मध्ये त्याने शेवटचा पेला घेतला आणि पुढची सुमारे अडीच वर्षे दारूची ओढ त्याला छळत राहिली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. दोघेही मरेपर्यंत दारूपासून दूर राहिले. आपले दादा यांपैकी कोणासारखे निघतील हे आज सांगता येत नाही, पण माझ्याकडे येणाऱ्यांत डॉ. बॉबसारखेच फार असतात आणि आपल्याला काहीच दिसले नाही म्हणून ते स्वतःला अपात्र समजत बसतात. आत्मकथन वाचून दादांच्या मनात अशी अपेक्षा रुजली असेल तर तिच्याविषयी त्यांच्याशी बोलायला हवे.

दुसरी अडचण आत्मकथन या प्रकाराचीच आहे. ते लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, निदान तसे त्याला वाटत असते. जॉनी कॅश या अमेरिकी गायकाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या आत्मकथनात, उत्तेजक गोळ्यांच्या विळख्यातून आपण श्रद्धेच्या बळावर कसे सुटलो ते सांगितले होते. त्यात खोटे काही नव्हते. परंतु पुढे तो पुन्हा गोळ्यांच्या आहारी गेला, १९८३ मध्ये त्याला बेटी फोर्ड या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावे लागले, आणि १९९७ च्या दुसऱ्या आत्मकथनात त्याने हेही मोकळेपणाने लिहिले. या संपूर्ण काळात त्याची देवावरील श्रद्धा ढळली नव्हती. तो चर्चची गीते गात होता, धर्मोपदेशकांच्या व्यासपीठावर उभा राहत होता. श्रद्धा शाबूत असतानाही माणूस घसरतो. जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाचे उदाहरण याच्या जोडीला ठेवून पाहावे. त्याने १९५७ साली हेरॉइन आणि दारू सोडली, त्याचे श्रेय ईश्वरी कृपेने झालेल्या जागृतीला दिले, आणि देवाला अर्पण म्हणून बांधलेली त्याची प्रसिद्ध रचना डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. मधली सात वर्षे तो जवळजवळ अखंड वाजवत होता, शिकत होता. मला ती जागृती जेवढी महत्त्वाची वाटते त्याहून ही सात वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात.

म्हणून आपल्या घरातील नवसाकडे मी असे पाहतो. नवस हा सौदा राहिला तर त्याला मुदत येते. आपल्याकडे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेपूर्वी व्रतस्थ राहणारे धोंड दारू-मांसाला शिवत नाहीत, तळीवर एकत्र राहतात, होमकुंडातून जातात. एरवी रोज पिणारा माणूसही ते दिवस निष्ठेने पाळताना मी पाहिला आहे. ही ताकद खरी आहे आणि तिचा अवमान करण्याचे कारण नाही. पण तोच माणूस जत्रा आटोपल्यावर पुन्हा बाटलीकडे वळला, तर त्याने व्रत मोडले असे कोणी म्हणत नाही, कारण व्रताची मुदत संपलेली असते. तेव्हा वहिनींनी केलेला नवस कशाचा आहे हे आधी विचारून घ्या. येत्या जत्रेपर्यंत न पिण्याचा असेल तर जत्रेच्या दुसऱ्या दिवसाची तयारी आतापासून हवी. तीच श्रद्धा रोजच्या नेमात उतरली, म्हणजे तिन्हीसांजेला, पूर्वी बाटली उघडण्याची जी वेळ होती नेमक्या त्याच वेळी, देवळात हरिपाठाला किंवा भजनाला बसणे आणि तिथल्या न पिणाऱ्या चार माणसांत ऊठबस होणे, तर तिचा उपयोग औषधाइतका होतो असे मी अनुभवाने म्हणतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस चळवळीविषयीच्या २७ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत या पद्धतीचे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीस तोड आणि काही बाबतींत अधिक परिणामकारक ठरले. संशोधकांच्या मते यामागील एक मोठे कारण म्हणजे माणसाचा गोतावळा बदलतो, न पिणारे मित्र वाढतात. गोव्यात या गटांच्या अनेक सभा चर्चच्या आवारातील सभागृहांत भरतात, त्यामुळे आपल्यासारख्या घरांतून जायला संकोच होतो. तो सोडावा. तिथे कोणाचाही धर्म विचारला जात नाही आणि ‘आपल्याला जसा समजला तसा देव’ एवढेच तिथले म्हणणे आहे. दादांची देवी त्यात सहज सामावते. घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. तिथे वहिनींना घेऊन जा, कारण नवऱ्याच्या तोंडाचा वास घेत दिवस काढणाऱ्या बाईलाही आधार लागतो.

श्रद्धेचा एक अपायही मी वारंवार पाहिला आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. नवस केलेला माणूस एके दिवशी एक पेला घेतो, मग देवी कोपली, आता काय उरले, या भावनेने लपून पिऊ लागतो आणि लाजेपोटी ना देवळात जातो ना डॉक्टरांकडे. एका पेल्याने जे झाले नसते ते या लपण्याने होते. तेव्हा आजच, सगळे ठीक असताना, घरात बसून ठरवून ठेवा की पाय घसरला तर दादा प्रथम कोणाला फोन करतील, आणि त्या माणसाने उपदेश करायचा नाही हेही ठरवा. ते डायसल्फिरामवर असल्याने त्या वेळी जराही त्रास जाणवला तर रुग्णालयच गाठायचे. आणि पिणे पुन्हा रोजचे झाले तर नंतर घरच्या घरी एकदम थांबवायचे नाही. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, फिट आलीच तर ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, भास आणि भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास होऊ शकतात, आणि अशा प्रत्येक खेपेला लक्षणे अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेवियरमध्ये, यासाठी दाखल करून घेतात. रात्री-अपरात्री नुसता सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क आहे.

ओघात आले म्हणून सांगतो, गोव्यातच संगाथ या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली होती. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी थोड्याच बैठका घेतल्या, तर तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचे घातक पिणे आटोक्यात आले; केवळ नेहमीची काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. २०१७ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मात्र ही पद्धत दारूवर अजून पूर्ण अवलंबून न झालेल्यांसाठी होती. सकाळी हात थरथरणारे दादा त्या टप्प्याच्या पुढे गेलेले होते. आपण स्वतः ‘शनिवार-रविवारी थोडी’ घेत असल्याचे जाता जाता लिहिले आहे. ते समुपदेशन आपल्या कामाचे आहे.

हाताविषयी दादांची जी समजूत आहे ती बहुतेक पिणाऱ्या वादकांची असते आणि ती समजण्यासारखी आहे, कारण तिला रोज सकाळी पुरावा मिळतो: घेतली की हात थांबतो. दारू मेंदूला शांत करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू समतोल राखण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. रात्रीची दारू उतरली की ती वाढीव उत्तेजना उघडी पडते आणि बोटे थरथरतात. पहिला घोट ज्या थरथरीला थांबवतो ती आदल्या रात्रीच्या घोटांनीच आणलेली असते. दोन महिन्यांनंतर ही थरथर राहता कामा नये. तरीही कप उचलताना किंवा हात पुढे धरताना कंप दिसत असेल, वडिलांना किंवा आत्यांनाही तसा असेल, तर तो आनुवंशिक कंप असू शकतो. तोही दारूने तात्पुरता कमी होतो आणि त्यामुळेच फसवतो. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध त्यावर चालते, पण दमा असलेल्याला ते देत नाहीत, म्हणून दुसऱ्या कलाकाराच्या डबीतली गोळी मागून घेऊ नये, जसे आपल्याकडे सर्रास चालते. तळपाय जळजळत किंवा बधिर असतील तर दारूने नसांना इजा झालेली असू शकते. ती पायांपासून सुरू होऊन पुढे बोटांपर्यंत येते, आणि पोषण, जीवनसत्त्वे व दारूपासून दूर राहणे यांनी हळूहळू, कधी महिन्यांनी, सुधारते.

वाजवण्यात पहिला फरक कुठे दिसतो हे सांगतो, म्हणजे दादा घाबरणार नाहीत. द्रुत, म्हणजे जलद लयीतले तिरकिट, धिरधिर हे बोल वाजवणे लवकर परत येते, कारण ते हातात मुरलेले असते. अवघड जाते ते विलंबित, म्हणजे संथ लयीतले वादन. दोन मात्रांमधला रिकामा काळ नुकत्याच दारू सोडलेल्या माणसाला सोसवत नाही. तो तिथे बोल भरतो, नाही तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किंचित आधी येतो, आणि बायाँवरचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्यावरचा, मनगटाचा दाब ताठ झाल्यामुळे घुमारा आखूड येतो. गायक नाराजीने मागे वळून पाहतो आणि वादकाच्या मनात लगेच येते, घेतली असती तर बसला असता हात. हा अस्वस्थपणा काही महिन्यांत ओसरतो. तोवर रोज संध्याकाळी विलंबित एकतालाचा नुसता ठेका, लेहऱ्यावर म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीवर, भरीचे बोल न घालता वाजवावा आणि फोनवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावा. जुन्या, पिऊन वाजवलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मिळाले तर तेही शांतपणे ऐकावे, कारण दारू हाताच्या आधी स्वतःचे वादन तपासणारा कान बिघडवते. कुंदनलाल सैगल यांची पेग घेतल्याशिवाय गाता येत नाही अशी खात्री होती. १९४६ च्या ‘शाहजहाँ’ चित्रपटाच्या वेळी नौशाद यांनी त्यांच्याकडून एक गीत आधी न पिता आणि मग पिऊन गाऊन घेतले, आणि न पिता गायलेले सरस असल्याचे सैगलांनीच मान्य केले, असे नौशाद सांगत असत. जानेवारी १९४७ मध्ये सैगल गेले तेव्हा ते ४२ वर्षांचे होते.

नाटकांविषयी माझे मत कडक आहे. या हंगामात जत्रेच्या रात्रीच्या नाटकांना दादांनी बसू नये. नाटक उशिरा उभे राहते, नांदीपासून भैरवीपर्यंत पहाट होते, रंगपटाच्या मागे बाटली फिरते आणि झोपेचा पार विचका होतो. यांतले कोणतेही एक कारण ओढ जागी करायला पुरेसे आहे. त्यात मार्च ते मे हा उराकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या दारूचा, हंगाम, आणि लिम्का घातलेला उराक म्हणजे दारूच नव्हे अशी आपल्याकडे समजूत. बुडणारे उत्पन्न लहान नाही, हे मला कळते. दिवसाच्या बैठका, देवळातील भजने, श्रावणातले सप्ताह आणि घरी शिकवण्या यांतून त्यातले किती भरून निघेल याचा हिशेब आपण दोघा भावांनी एकत्र मांडावा. आपण स्वतः पेटी वाजवता, तेव्हा पहिले काही कार्यक्रम तुम्ही दोघांनी जोडीनेच घ्यावेत आणि संपताच सोबत घरी यावे. बिदागी रोख न घेता वहिनींच्या खात्यावर घेणे दादांना मान्य असेल तर तसे करावे, पण त्यांच्या संमतीनेच. चतुर्थीच्या आरत्यांत घुमट हे मातीचे वाद्य वाजवायला वाड्यावर जाणे टाळता येणार नाही आणि टाळूही नये. फक्त आरत्या आटोपल्यावर मागच्या अंगणात जो कंपू बसतो तिथे थांबायचे नाही, आणि ज्या दोन-तीन घरी आग्रह हमखास होतो तिथे आपण आधीच जाऊन बोलून यावे.

राहिला सत्कार. मंडळींचा हेतू चांगला आहे, तरी तो यंदा होऊ देऊ नये. शाल-श्रीफळ देऊन दोन महिन्यांच्या माणसाला व्यसनमुक्त म्हणून व्यासपीठावर उभे केले की त्याची कथा इतरांनी परस्पर पूर्ण करून टाकलेली असते, आणि मग ओढ आली तरी ती कोणापाशी बोलायची त्याची सोय राहत नाही. सगळ्या गावासमोर कसे सांगणार? मंडळाच्या अध्यक्षांना आपण भेटून सांगा की दादांना सत्कार नको आहे, त्याऐवजी सप्ताहात त्यांना पहाटेचा एक पार, म्हणजे भजनाची एक पाळी, वाजवायला द्या आणि मंडळातल्या न पिणाऱ्या एखाद्या वडील माणसाने दर एकादशीला त्यांना घरून देवळात घेऊन जावे. ज्या आत्मकथनाने दादा एवढे हलले, त्याविषयी बोलायचेच असेल तर ते त्यांनी गटाच्या सभेत बोलावे, जिथे ऐकणारे सगळे त्याच वाटेने आलेले असतात. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा यकृताच्या तपासणीचे कागद, गोळ्यांची पाकिटे आणि शक्य असल्यास ते फोनवरील ध्वनिमुद्रण सोबत न्या, आणि नवसाची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.